द्राक्षवेलीचे देश

शालेय भूगोलात भूमध्यसागरी हवामानाचा पाठ येतो, तेव्हा मुले एक वाक्य हमखास पाठ करतात. उन्हाळे कोरडे, हिवाळे पावसाळी, आणि मुख्य पिके द्राक्षे, ऑलिव्ह, अंजीर व लिंबूवर्गीय फळे. परीक्षेत ह्या वाक्याला गुण मिळतात आणि विषय तेथेच संपतो. त्या द्राक्षांचे पुढे काय होते हे पुस्तक सांगत नाही आणि आम्ही शिक्षकही बहुधा सांगत नाही. वस्तुतः जगात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी जवळजवळ निम्मी द्राक्षे वाइन करण्यासाठी जातात. ज्या पदार्थापायी राष्ट्राराष्ट्रांत तह झाले, शेतकऱ्यांचे उठाव झाले, पलटणींनी बंड केले, त्याचा उल्लेख केवळ संकोचापोटी गाळला, तर युरोपचा अर्धा इतिहास आणि बराचसा भूगोल अंधारात राहतो.

मद्यपानाची भलावण करण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळीच हेतू नाही. दारूने धुळीस मिळालेले संसार शिक्षकाइतके जवळून पाहायला थोड्यांनाच मिळतात. पण एखाद्या वस्तूचे ज्ञान असणे निराळे आणि तिचे व्यसन असणे निराळे. ज्यांच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली वर्षानुवर्षे नांदत आली आहे, त्यांनी तरी ह्या विषयाला अगदीच परका मानू नये.

आणि तो परका नव्हताच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी द्राक्षरसापासून होणाऱ्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे, आणि ते ज्या देशात होते त्या देशावरून त्याला ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ अशी नावे पडल्याचे सांगितले आहे. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात काबूलच्या उत्तरेस बेग्राम गावाजवळ असलेली प्राचीन नगरी. ‘कापिशी’पासून ‘कापिशायन’ हा शब्द कसा साधावा, ह्यासाठी पाणिनीने एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे, आणि वैयाकरण त्याची उदाहरणे देतात ती द्राक्षांची आणि मधूचीच. म्हणजे मद्याला त्याच्या गावाचे नाव द्यावे, आणि त्या नावावरून त्याची पत ठरावी, ही रीत आपल्या पूर्वजांना चांगलीच अवगत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासवृत्तात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत इटलीची, लाओडिसियाची आणि अरबस्तानची अशा तीन वाइन सांगून इटलीच्या वाइनला पसंती असल्याचे नमूद केले आहे. बडोद्याच्या वाचकांना भडोच काही दूर नाही.

वाइनच्या भूगोलाचे मर्म हे असे नावात आहे. गहू हा गहूच असतो, मग तो कोठलाही असो. वाइन मात्र बोर्दोची असते, दोरूची असते, मोझेलची असते. हे नाव कोणाचे, त्यावर हक्क कोणाचा, आणि ते कोठवर लावावे, ह्या तंट्यांतूनच जगातले द्राक्षप्रदेश नकाशावर आखले गेले.

मुळात ही वेल समशीतोष्ण कटिबंधाची. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारणपणे ३० ते ५० अंशांच्या दरम्यान ती सुखाने नांदते. तिला थंडीत पाने गाळून निजायला हवे असते, वसंतात फुटायला हवे असते आणि फळ पिकताना कोरडे ऊन हवे असते. जमीन फार कसदार असून चालत नाही. दगडगोट्यांच्या माळावर मुळे खोल जातात, घड लहान पण रस दाट येतो. ज्या जमिनीत दुसरे काही धड पिकत नाही, तिची वाइन सर्वांत महाग विकावी, हा ह्या शेतीचा चमत्कार आहे.

तिचे माहेर मात्र फ्रान्स नव्हे. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेकडील जॉर्जिया देशात, तिबिलिसीच्या दक्षिणेस नवाश्मयुगीन वस्त्यांचे उत्खनन झाले. तेथील मडक्यांच्या खापरांत द्राक्षमद्याचे अंश सापडल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. ही मडकी सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची. जॉर्जियात आजही मातीचे मोठाले रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, आणि त्यांत द्राक्षांचा रस साली-बियांसकट आंबवतात. त्या रांजणाला ‘क्वेव्री’ म्हणतात. ह्या पद्धतीला युनेस्कोने २०१३ साली मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. लोणच्याची बरणी ज्या निष्ठेने आपल्याकडे सांभाळली जाते, त्याच निष्ठेने तेथे रांजण घासूनपुसून सांभाळला जातो.

फ्रान्सचे स्थान तरीही निराळेच. नैर्ऋत्येला गारोन आणि दोर्दोन्य ह्या नद्या मिळून जिरोंदची खाडी होते, तिच्या दोन्ही अंगांना बोर्दोचा प्रदेश आहे. बंदर जवळ आणि गिऱ्हाईक इंग्लंड, म्हणून हा प्रदेश व्यापारावर वाढला. १८५५ साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले, त्यासाठी दलालांनी बाजारभाव पाहून येथील तांबड्या वाइनच्या मळ्यांची पाच श्रेणींत प्रतवारी लावली. ती यादी आजही प्रमाण मानतात. वरच्या श्रेणीत बढती मिळाली ती एकाच मळ्याला, १९७३ साली, आणि त्या आदेशावर सही होती तेव्हाचे शेतीमंत्री झाक शिराक ह्यांची, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. दलालांनी घाईने केलेली यादी पावणेदोनशे वर्षे टिकावी, हे आमच्या वार्षिक निकालपत्रकांच्याही नशिबी नसते!

पूर्वेकडील बर्गंडीची तऱ्हा वेगळी. येथे मळे लावले आणि जमिनीचा तुकडा न् तुकडा पारखला तो सिस्टर्शियन पंथाच्या मठवासीयांनी. राज्यक्रांतीत मठांची जमीन जप्त होऊन लिलावात गेली, आणि पुढे नेपोलियनच्या कायद्याने वारसांना समान वाटणी मिळू लागली. परिणाम आपल्या परिचयाचाच. क्लो द वूजो हा दगडी भिंतीच्या आतला सुमारे ५० हेक्टरांचा एक मळा. आज त्याचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कोणाच्या वाट्याला दोन-चार ओळी वेली, कोणाच्या वाट्याला दहा. आपल्याकडील सातबाऱ्याच्या उताऱ्यावर भाऊबंदांची नावे दाटीवाटीने बसतात, त्याची ही फ्रेंच आवृत्ती. फरक इतकाच की तेथे त्या तुकड्याला सोन्याचा भाव आहे.

पॅरिसच्या ईशान्येस शॅम्पेन. खडूच्या टेकड्या, बेताचे ऊन, द्राक्षे जेमतेम पिकणारी. थंडी लवकर पडल्याने किण्वन अर्ध्यावर थांबे आणि वसंतात बाटलीत पुन्हा सुरू होई; बुडबुडे येत, बाटल्या फुटत, तळघरांत माणसे जखमी होत. जो आरंभी दोष होता त्याचेच पुढे भूषण झाले. ह्या कामी मोठा वाटा एका विधवेचा आहे. बार्ब-निकोल क्लिको ही १८०५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. फ्रेंच कायद्याने विवाहितेला नसलेले व्यापाराचे स्वातंत्र्य विधवेला होते, त्याचा तिने उपयोग केला. बाटल्या भोके पाडलेल्या मेजावर तिरप्या उलट्या खोचून रोज थोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ बुचाशी जमतो आणि काढून टाकता येतो, ही युक्ती तिच्या कारखान्यात निघाली. ती १८६६ पर्यंत जगली. ‘वव क्लिको’ हे तिच्या पेढीचे नाव, आणि त्यातल्या ‘वव’चा अर्थच विधवा असा आहे.

ह्या संपन्नतेवर १८६३ च्या सुमारास घाला आला. रोन नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या काही मळ्यांत वेली विनाकारण सुकू लागल्या. पाने पिवळी पडत, घड न पिकताच वाळत, आणि तिसऱ्या वर्षी वेल मरे. मेलेल्या वेलीची मुळे उकरावी तर काहीच सापडत नसे. १८६८ च्या जुलै महिन्यात माँपेलिएचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक प्लांशाँ ह्यांनी मेलेली वेल सोडून शेजारची तजेलदार दिसणारी वेल उपटली, आणि भिंगाखाली पाहिले तर मुळांवर बारीक पिवळ्या किड्यांची गर्दी! वेल मेली की किडा पुढच्या वेलीकडे निघून जाई, म्हणून तो इतकी वर्षे कोणाला दिसला नव्हता. ह्या किड्याचे नाव फायलोक्सेरा.

तो अमेरिकेतून आला होता. शोभेसाठी आणि प्रयोगासाठी आणलेल्या अमेरिकन वेलींच्या मुळांवर बसून तो आला. शिडाच्या जहाजांना लागणाऱ्या दीर्घ प्रवासात तो मरत असे. आगबोटी आल्या आणि तो जिवंत उतरू लागला. फ्रान्सचे वाइनचे उत्पादन १८७५ साली सुमारे साडेआठ कोटी हेक्टोलिटर होते, ते १८८९ साली सव्वादोन कोटींच्या आसपास आले. गावेच्या गावे उठून अल्जीरियाला, अर्जेंटिनाला गेली. सरकारने १८७४ साली उपाय सांगणाऱ्यास तीन लाख फ्रँकांचे बक्षीस लावले. कोणी मुळाशी जिवंत बेडूक पुरायला सांगितले. श्रीमंतांनी जमिनीत पिचकारीने विषारी रसायन सोडले, नदीकाठच्यांनी हिवाळाभर मळे पाण्याखाली बुडवून ठेवले.

अखेर उपाय सापडला तो रोग जेथून आला तेथेच. अमेरिकन रानवेलींची मुळे ह्या किड्याला दाद देत नाहीत. तेव्हा मूळ अमेरिकन आणि त्यावर कलम युरोपीय करावे, असे ठरले. मिझुरीचे कीटकतज्ज्ञ रायली आणि टेक्ससचे वेलशास्त्रज्ञ मन्सन ह्यांची ह्या कामी मोठी मदत झाली. बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही, कारण सरकारचे म्हणणे असे की रोग बरा झालेला नाही, त्याला केवळ बगल दिली आहे! आज युरोपातल्या बहुतेक सगळ्या नामांकित वेली परक्या मुळांवर उभ्या आहेत.

आपल्या द्राक्षबागाईतदाराला हे ऐकून नवल वाटणार नाही. तासगाव-नाशिककडे, आणि इकडे विजापूर भागातही, तो ‘डॉगरिज’चे खुंट लावतो आणि त्यावर डोळा भरतो, तो खुंट मूळचा टेक्ससचाच. कारण मात्र वेगळे. आपल्याकडे भीती किड्यापेक्षा खाऱ्या पाण्याची आणि अवर्षणाची आहे.

ह्याच आपत्तीने आपल्या शेताला आणखी एक देणगी दिली. अमेरिकन वेलींबरोबर १८७८ च्या सुमारास युरोपात दुसरा रोग शिरला, तो म्हणजे आपले बागाईतदार ज्याला ‘केवडा’ म्हणतात तो. बोर्दोजवळच्या मेदोक भागात एक रीत होती. रस्त्याकडेच्या वेलींचे घड वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद आणि चुन्याचे हिरवेनिळे पाणी शिंपडत. १८८२ साली प्राध्यापक मियार्दे ह्यांच्या ध्यानी आले की रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार आहेत, आणि आतल्या ओळी केवड्याने गळून गेल्या आहेत. त्यांनी प्रयोग करून प्रमाण ठरवले आणि १८८५ साली ते जाहीर केले. तेच हे ‘बोर्डो मिश्रण’. गोव्याच्या कुळागरांत पावसाळ्याच्या तोंडावर पोफळीच्या घडांवर कोळेरोगासाठी फवारतात ते हेच. चोराला भिववण्यासाठी योजलेले पाणी सबंध जगाच्या पिकांना तारक ठरले, आणि ते फवारणाऱ्या कित्येकांना ‘बोर्डो’ हे एका गावाचे नाव आहे ह्याची कल्पनाही नसते.

मळे पुन्हा उभे राहिले, पण शेतकरी उभा राहिला नाही. दुष्काळात वाइन कमी पडली तेव्हा व्यापाऱ्यांनी साखर, पाणी, मनुका आणि रंग ह्यांपासून ‘वाइन’ बनवायची सवय लावून घेतली होती. अल्जीरियाची स्वस्त वाइनही येत होती. दक्षिणेच्या लांगदोक प्रांतात भाव इतके कोसळले की मजुरीही निघेना. १९०७ च्या मार्चमध्ये आर्जेलिए गावचे ८७ द्राक्षकरी पायी नार्बोनला गेले. त्यांचा पुढारी मार्सेलँ आल्बेर हा कॅफे चालवणारा साधा माणूस. पुढे दर रविवारी सभा होऊ लागल्या, आणि ९ जूनला माँपेलिए येथे पाच लाखांहून अधिक लोक जमले. पंतप्रधान क्लेमांसो ह्यांनी सैन्य धाडले. नार्बोनला गोळीबार होऊन माणसे मेली. तेव्हा सतराव्या पलटणीच्या शिपायांनी बंड केले आणि ते शस्त्रांसह बेझिए शहरात येऊन बसले. शिपाई त्याच मुलखातले होते, द्राक्षकऱ्यांचीच मुले होती.

आल्बेर पॅरिसला जाऊन क्लेमांसोंना भेटला. मुरब्बी पंतप्रधानांनी त्याची समजूत घातली, परतीच्या भाड्यासाठी शंभर फ्रँकांची नोट हातावर ठेवली, आणि ही गोष्ट वृत्तपत्रांना सांगून टाकली. गावी परतल्यावर त्या भोळ्या माणसाला लोकांनी फितूर ठरवले. मोठ्यांच्या दारी एकट्याने भेटीस गेलेल्या पुढाऱ्याची गत सगळीकडे सारखीच होते की काय, कोण जाणे. चळवळ मात्र वाया गेली नाही. २९ जूनला कायदा झाला. साखरेवर कर बसला आणि प्रत्येक द्राक्षकऱ्याने आपले उत्पन्न जाहीर करणे सक्तीचे झाले. १९११ साली शॅम्पेनमध्येही बाहेरची द्राक्षे आणून स्थानिक नाव लावण्यावरून जाळपोळ झाली. ह्या सगळ्यांतून १९३५ चा कायदा आला. कोणत्या शिवारातल्या, कोणत्या जातीच्या द्राक्षांची वाइन कोणते नाव लावू शकेल, हे तेव्हापासून सरकार ठरवते. आज ‘भौगोलिक निर्देशांक’ म्हणून जो शब्द आपण वृत्तपत्रांत वाचतो, त्याच्या पूर्वजांपैकी हा एक.

सीमा आखण्याचा मान मात्र फ्रान्सचा नाही. इटलीत टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने १७१६ साली क्यांटी वगैरे चार प्रदेशांच्या हद्दी फर्मानाने ठरवल्या होत्या. पोर्तुगालात पोम्बालच्या मार्क्विसने १७५६ साली दोरू नदीच्या खोऱ्यात पाषाणाचे खांब रोवून हद्द घातली आणि सगळा व्यापार एका कंपनीच्या हाती दिला. पुढच्याच वर्षी पोर्तो शहरात त्या मक्तेदारीविरुद्ध दंगा झाला आणि कित्येकांना फाशी झाली. हाच तो पोम्बाल, ज्याने भूकंपाने जमीनदोस्त झालेले लिस्बन पुन्हा वसवले, १७५९ साली जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकलले आणि १७७४ साली गोव्यातले इन्क्विझिशन काही काळ बंद पाडले. दोरूची वाइन अर्धी आंबली असतानाच तीत ब्रँडी घालतात. त्याने किण्वन थांबते आणि गोडी शिल्लक राहते. फ्रान्सशी वैर असल्याने इंग्रजांना ती फार रुचली. १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनला इंग्लंडात जकातीची सवलत मिळाली होती. पोर्तो बंदरावरून तिचे नाव ‘पोर्ट’ पडले. गोव्यातही ‘पोर्ट’ म्हणून गोड वाइन वर्षानुवर्षे विकली जात आली आहे. तिचा दोरूशी संबंध नावापुरताच.

स्पेनमध्ये द्राक्षाखाली नऊ लाख हेक्टरांहून अधिक जमीन आहे, जगात सर्वाधिक. पण देश कोरडा, म्हणून उत्पादनात इटली आणि फ्रान्स पुढे असतात. खेरेस शहराच्या नावाचे इंग्रजांनी ‘शेरी’ केले. रिओहा प्रांत भरभराटला तो फायलोक्सेराच्या काळात बोर्दोचे व्यापारी सीमा ओलांडून आले म्हणून. इटलीत असा एकही प्रांत नाही जेथे वाइन होत नाही. जर्मनीत मोझेल नदीच्या काठी पाटीच्या दगडाचे उभे कडे आहेत. दिवसभर तापलेला काळा दगड रात्री वेलीला ऊब देतो, म्हणून पन्नासाव्या अक्षांशाजवळही तेथे रीसलिंग जातीची द्राक्षे पिकतात. काही ठिकाणी चढ साठ अंशांहून अधिक. तेथे यंत्र चालत नाही, पाठीवर ओझे घेऊन माणूसच चढतो.

समुद्रापारच्या देशांत वेल गेली ती वसाहतींबरोबर. दक्षिण आफ्रिकेत केपच्या डच वखारीचा प्रमुख यान फान रीबेक ह्याने २ फेब्रुवारी १६५९ ला तेथल्या द्राक्षांची पहिली वाइन निघाल्याची नोंद रोजनिशीत केली. पुढे कॉन्स्टान्शियाची गोड वाइन इतकी नावाजली की सेंट हेलेनावर बंदिवासात असलेल्या नेपोलियनला ती पाठवली जाई. ते मळे ज्या गुलामांनी कसले, त्यांत बंगाल, मलबार आणि चोलमंडल किनाऱ्यांवरून पकडून नेलेली माणसे होती. बाटलीवरच्या चिठ्ठीवर त्यांची नावे नाहीत. ऑस्ट्रेलियात १७८८ च्या पहिल्या ताफ्याबरोबरच वेली उतरल्या. तेथल्या बरोसा खोऱ्यात १८४० च्या दशकातल्या काही वेली अद्याप फळ देतात. अर्जेंटिनाचे मेन्दोसा जवळजवळ वाळवंटच, तेथे अँडीजचे वितळलेले बर्फ पाटांनी फिरवून मळे जगवतात. कॅलिफोर्नियाला १९२० ते १९३३ च्या दारूबंदीने झोपवले होते. पण २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनीच नावे झाकून चव घेतली, आणि पांढऱ्या व तांबड्या दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या वाइनला दिला. नाव झाकले की निकाल कसा बदलतो, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

ह्या साऱ्यांत चिलीची कथा मला सर्वांत हृद्य वाटते. उत्तरेस वाळवंट, पूर्वेस अँडीज, पश्चिमेस महासागर, म्हणून फायलोक्सेरा तेथे कधी पोचलाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे अरिष्ट येण्यापूर्वीच, तेथील जमीनदारांनी बोर्दोहून काड्या नेल्या होत्या. बोर्दोची ‘कार्मेनेर’ ही जात पुढे फ्रान्सात जवळजवळ नामशेष झाली आणि पुस्तकांपुरती उरली. १९९४ साली फ्रेंच वेलतज्ज्ञ बुर्सिको चिलीत ‘मेर्लो’चा मळा पाहत असता थबकले. पाने आणि फुलोरा मेर्लोचा नव्हता. ती कार्मेनेर होती! शतकभराहून अधिक काळ ती दुसऱ्याचे नाव लावून परदेशी फळत होती. आज चिली तिला आपले भूषण मानतो. पिढ्यान्‌पिढ्या मुलखाबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्यांना ह्या वेलीविषयी थोडी आत्मीयता वाटली, तर ते समजण्याजोगे आहे. मूळ गावी विसरलेली जुनी वळणे कधीकधी बाहेरच्यांकडेच जपली जातात.

आपल्याकडे द्राक्ष खाण्यासाठी पिकवावे हीच रीत. हैदराबादची अनाब-ए-शाही एके काळी घरोघर ठाऊक होती. वाइनसाठीचे मळे नाशिककडे गेल्या तीसेक वर्षांत वाढले, आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे. तेथे वेलीला थंडीची झोप नाही, म्हणून माणूसच तिला दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी, आणि पाऊस सरल्यावर फळछाटणी घडांसाठी. युरोपात तोडणी सप्टेंबरात, तर आपल्याकडे जानेवारी ते मार्च.

सध्या मात्र जुन्या देशांतले वातावरण काळजीचे आहे. बर्गंडीत बोन गावी तोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून ठेवलेली आढळते. तिचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. १९८८ नंतर तोडणी पूर्वीपेक्षा सुमारे तेरा दिवस आधी येऊ लागली आहे. गारपीट, वणवे, अवकाळी दंव ह्यांमुळे २०२३ साली जगाचे वाइनचे उत्पादन १९६१ नंतरचे सर्वांत कमी झाले, आणि २०२४ साली त्याहूनही खाली गेले. गंमत अशी की तरीही वाइन विकत नाही. फ्रान्समध्ये १९६० च्या सुमारास माणशी वर्षाला शंभर लिटरांहून अधिक वाइन खपे. आता त्याच्या निम्मीही खपत नाही. ह्याबद्दल फ्रेंच शिक्षकांना दुःख होण्याचे कारण नाही. तेथे शाळेच्या भोजनगृहात चौदा वर्षांखालील मुलांना जेवणाबरोबर वाइन देण्यास बंदी झाली ती १९५६ साली!

पण द्राक्षकऱ्याचे काय? २०२३ साली फ्रेंच सरकारने युरोपीय संघाच्या मदतीने सुमारे २० कोटी युरो खर्चून शिल्लक वाइन विकत घेतली आणि तिचे अल्कोहोल गाळून अत्तरे व जंतुनाशके करणाऱ्यांना दिले. त्याच सुमारास बोर्दोत वेली उपटून टाकणाऱ्यास हेक्टरी ६,००० युरो देण्याची योजना निघाली. फायलोक्सेराने मारलेल्या वेलींच्या जागी पणजोबांनी कलमे बांधली, ती पणतवाने अनुदान घेऊन उपटायची.

दुसरीकडे इंग्लंडच्या केंट आणि ससेक्स परगण्यांत नवे मळे लागत आहेत. शॅम्पेनखालचा खडूचा थर तेथेही आहे, उणीव होती ती उन्हाची, आणि आता ऊन पुरेसे पडू लागले आहे. शॅम्पेनमधल्या तेतँजे ह्या जुन्या घराण्याने २०१५ साली केंटमध्ये जमीन घेतली आणि २०१७ साली वेली लावल्या. खडू तोच, वेली त्याच जातीच्या, कारागीर शॅम्पेनचेच. बाटलीवर मात्र ‘शॅम्पेन’ हा शब्द घालता येत नाही.